बर्फ काढायचं फावडं: कुठल्या बर्फाला कुठलं?

बोरीकाठचे_आप्पा, अमळनेर | 9 नोव्हेंबर, रात्री 8:50

रामराम मंडळी. प्रश्न आपल्या भागाला न शोभणारा आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

पोरगा अमेरिकेत मिनियापोलिसजवळ असतो. दोन वर्षांपूर्वी घर घेतलं. यंदा डिसेंबर ते मार्च मी आणि त्याची आई तिकडे चाललो. मागच्या हिवाळ्यात दारापुढचा बर्फ काढताना त्याच्या कमरेत उसण भरली, आठ दिवस खाटेवर. नोकरी, नातू आणि बर्फ, तिन्ही सूनबाईनं एकटीनं ओढलं. पोरगा लहानपणी वावरात यायचा तो फक्त हुरडा खायला. फावडं कुठून धरायचं हे त्याला येत नाही यात चूक त्याची नाही, माझी आहे. म्हणून ठरवलं, यंदा बर्फ माझ्याकडे. वय 61, पण ठिबक येण्याआधी रात्र-रात्र बारे दिलेला माणूस आहे मी.

त्यानं तिथल्या दुकानातल्या भिंतीचा फोटो पाठवला. पंधरा-वीस तऱ्हेची फावडी टांगलेली. वाकड्या दांड्याचं, सरळ दांड्याचं, प्लास्टिकचं, ॲल्युमिनियमचं, एक तर पार बुलडोझरच्या पात्यासारखं. मी म्हटलं, इथून एक पोलादी पातं लोहाराकडून पाजवून आणतो, दांडा तिकडे बसवू. तर तो नुसता हसला.

कुठलं घ्यायला सांगू? आणि आपलं फावडं का चालत नाही, हे कुणीतरी नीट समजावून सांगा.


गिरणाकाठचा_पोऱ्या, भडगाव | 9 नोव्हेंबर, रात्री 9:15

आप्पा, तठे जाईसन बर्फ उपसशात का? आठे तर तीन सालपाईन फावडाले हात लायेल नई तुम्ही!

(तुमच्या शेजारच्या वावरवाल्यानंच सांगितलं. माझं नाव घेऊ नका.)


यावलकर_मिनेसोटा | 10 नोव्हेंबर, सकाळी 7:05

आप्पा, नमस्कार. मी मूळ यावलचा, इकडे 14 हिवाळे काढले. फावडं इथूनच घ्या.

आपलं फावडं ओढायचं हत्यार आहे. पातं दांड्याला काटकोनात, माणूस वाकलेला, माती स्वतःच्या पायाकडे ओढायची. बर्फ स्वतःपासून लांब ढकलायचा असतो, तोही उभ्यानं. आपल्याकडे त्याचं जवळचं भावंड म्हणजे खळ्यावर धान्य लोटायचं लाकडी फावडं. ते डोळ्यापुढे ठेवा, म्हणजे अर्धं काम झालं.

आता भिंतीवरचा पसारा. त्यात खरे प्रकार तीनच आहेत. पहिला पुशर, तुम्हाला बुलडोझर वाटला तो. पातं रुंद, 24 ते 30 इंच, समोरून गोलाई दिलेली. तो फक्त ढकलायला. दुसरं उचलून फेकायचं शॉवेल, 18 इंचांच्या आसपास, कडा थोड्या वर वळलेल्या. आणि तिसरं दोन्हींचं काम करतो म्हणणारं, जे दोन्ही कामं अर्धवट करतं. ते नवीन आलेले लोक घेतात. मीही पहिल्या वर्षी तेच घेतलं होतं.

मिनियापोलिसला डिसेंबर-जानेवारीत जो बर्फ पडतो तो बहुतेक कोरडा असतो. उणे 10, उणे 15 ला पडलेला बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस. फुंकर मारली तर उडतो. त्याला पुशरच. न उचलता ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीवाटेच्या, कडेपर्यंत नेऊन सोडायचा. पण मार्चमध्ये पारा शून्याच्या आसपास असताना जो पडतो तो ओला, भिजल्या गोधडीसारखा. तिथे रुंद पातं भरलं की हलत नाही, आणि माणूस हट्टानं हलवायला जातो. तुमच्या चिरंजिवांची कमर बहुधा मार्चमध्ये गेली असणार. विचारून बघा.

तर दोन घ्या. एक 24 इंची पुशर, एक 18 इंची शॉवेल. पातं प्लास्टिकचं, पुढच्या कडेला धातूची पट्टी असलेलं. निव्वळ प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होऊन तडकतं. ॲल्युमिनियम हलकं आणि चांगलं, पण दगडावर आपटलं की कड दुमडते. पोलादी सगळ्यात दणकट, पण आधी त्याचंच वजन उचलावं लागतं, शिवाय लाकडी डेकवर, म्हणजे घराला लागून असलेल्या फळ्यांच्या ओट्यावर, ओरखडे. घराला डेक असेल तर तिथे धातूची कडही नेऊ नका.

दांडा उभा धरला तर वरचं टोक छातीपर्यंत यायला हवं. मूठ इतकी मोठी हवी की जाड हातमोज्यासकट हात आत जाईल. दुकानात उघड्या हातानं बघतात आणि घरी येऊन फसतात.


तापीकाठची_माय, रावेर | 10 नोव्हेंबर, सकाळी 10:30

मी बर्फ फक्त लग्नातल्या मठ्ठ्यात पाहिला आहे. पण धागा सोडवत नाही. चालू द्या.


बोरीकाठचे_आप्पा, अमळनेर | 10 नोव्हेंबर, दुपारी 1:10

यावलकर, विचारलं. 27 मार्चला गेली होती कमर. तुम्ही ज्योतिषी आहात.

वाकड्या दांड्याचं काय?


भुसावळ_लोको | 10 नोव्हेंबर, रात्री 9:40

आप्पा, यात मला थोडं बोलू द्या. माझे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, भुसावळ-खंडवा. त्यांच्या हातात फावडं नसायचं, बेलचा असायचा. आखूड दांडा, खोलगट पातं. एका फेरीत टनांनी कोळसा भट्टीत जायचा आणि तोही हलत्या इंजिनावर, एका हाताच्या अंतरावर भट्टीचं तोंड भाजत असताना.

आम्ही लहान असताना अंगणातली वाळू सरकवायला ते आम्हाला बेलचा द्यायचे आणि मागे उभे राहायचे. तीनच गोष्टी ओरडायचे. भरलेला बेलचा पोटाजवळ ठेव. कंबर पिळू नको, पाय फिरव. पातं अर्धंच भर. बाकी काही नाही. निवृत्तीनंतर 20 वर्षं जगले, गुडघे गेले, कान गेले, पण पाठ शेवटपर्यंत सरळ.

म्हणून वाकड्या दांड्याबद्दल माझं मत वेगळं आहे. वाकडा दांडा ढकलताना आणि उचलताना कमी वाकायला लावतो हे कबूल. पण फेकताना पातं मनगटात फिरतं, माल नेमका जिथे हवा तिथे पडत नाही. फेकायचं असेल तर सरळ दांडा.


यावलकर_मिनेसोटा | 11 नोव्हेंबर, सकाळी 6:50

भुसावळकर, बरोबर आहे तुमचं, पण आप्पांनी मुळात फेकायचंच कमी करावं असं माझं म्हणणं. वाकड्याची सवय व्हायला दोन दिवस लागतात. सरळ दांड्याला मध्यावर बसवायची दुसरी मूठ वेगळी मिळते, ती लावली तर मधला मार्ग निघतो.


शिरपूरचा_मेकॅनिकल | 11 नोव्हेंबर, दुपारी 4:25

फावडं हा यंत्रशास्त्राचा जुना आणि मानाचा विषय आहे, कुणी हसू नये. फ्रेडरिक टेलर नावाचा अमेरिकन अभियंता, 1900 च्या आगेमागे बेथलेहेम स्टील कंपनीत होता. तिथे मजूर स्वतःचं एकच फावडं घेऊन यायचे आणि त्यानंच सगळं उपसायचे. टेलरनं मोजलं तर त्याच फावड्यात बारीक कोळसा भरला की साडेतीन पौंड भरायचा आणि लोहखनिज भरलं की 38 पौंड. प्रयोग करून त्यानं काढलं की एका खेपेला 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास, वजन असेल तर दिवसभरात सगळ्यात जास्त काम होतं. मग कंपनीनं आठ-दहा तऱ्हेची फावडी ठेवली. जड मालाला लहान पातं, हलक्या मालाला मोठं. मजुरांना त्यात किती सुख लागलं हा निराळा वाद, पण गणित पक्कं होतं.

तेच बर्फाला लावा. पातं 45 सेंटिमीटर रुंद, 35 खोल, वर 15 सेंटिमीटर बर्फ. ताज्या भुरभुरीत बर्फाचं वजन घनमीटरला 70 किलोच्या आसपास धरलं तर खेप पावणेदोन किलोचीही नाही. ओला बर्फ 300 किलोचा धरला तर सात किलो. रस्त्यावरून येणारा दाबलेला बर्फ 500 पर्यंत जातो, म्हणजे जवळपास बारा किलो. पातं तेच, माणूस तोच.

आता पूर्ण ड्राइव्हवे. दोन गाड्यांचा, 6 मीटर बाय 10 मीटर, वर 15 सेंटिमीटर थर. नऊ घनमीटर झाले. मध्यम कोरडा, 100 किलोचा असेल तर 900 किलो. ओला असेल तर 2,700 किलो, म्हणजे 27 क्विंटल. आपल्या भाषेत सांगायचं तर 170 किलोची एक, अशा जवळपास 16 रुईच्या गाठी. आणि तुमचे चिरंजीव हे ऑफिसच्या आधी, रिकाम्या पोटी, अर्ध्या तासात करायला गेले.

इंच बघून अंदाज बांधू नका. मूठभर उचलून दाबा. लाडू वळला तर लहान पातं आणि अर्धं भरायचं. वळला नाही तर पुशर. टेलरचे 21 पौंड हे रोजच्या कसलेल्या मजुराचे आहेत, तुम्ही त्याच्या निम्म्यावर थांबा.


गिरणाकाठचा_पोऱ्या, भडगाव | 11 नोव्हेंबर, दुपारी 5:00

16 गाठी! आप्पा, हमाली लावून घ्या सूनबाईकडून.


बफेलोची_वहिनी, मूळ पारोळा | 12 नोव्हेंबर, सकाळी 8:15

पुशरचं कौतुक वाचून राहवेना. पुशर सहा-आठ इंचांपर्यंतचा राजा. आमच्याकडे त्याचा काय उपयोग?

आमचं बफेलो शहर एरी सरोवराच्या काठावर आहे. सरोवर गोठलेलं नसतं तोवर त्यावरून जाणारा थंड वारा वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आणून ओततो. पट्टा अरुंद असतो. एका गावात कमरेएवढा, चार गावं सोडून नुसती भुरभुर. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कला 80 इंचांच्या आसपास पडला. साडेसहा फूट, भाऊ. दार बाहेर उघडत असेल तर उघडतच नाही. ज्यांचं शॉवेल गॅरेजमध्ये होतं त्यांनी स्वयंपाकघरातल्या परातीनं सुरुवात केली. तेव्हापासून आमचं एक शॉवेल घरात, दाराच्या आतल्या बाजूला.

एवढ्या बर्फाला दोन गोष्टी लागतात. एक लहान, मजबूत, कडा उंच असलेलं शॉवेल, थरावर थर कापायला. वरचा सहा इंच आधी काढायचा, मग खालचा. एकदम तळाला पातं घालायचं नाही. दुसरं म्हणजे घसरगाडीसारखं मोठं स्कूप, यू आकाराच्या दांड्याचं. बर्फात घुसवायचं, दांडा खाली दाबायचा आणि भरलेलं तसंच घसरत नेऊन ओतायचं. उचलणं नाहीच. माझी उंची पाच फूट एक इंच, नवरा फिरतीवर, सगळं त्यावर निघतं. फक्त ओतायला उतार किंवा मोकळी जागा पाहिजे.

वादळ चालू असताना दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं काढायचं. सगळा पडू दे मग बघू म्हणणारे दुसऱ्या दिवशी मलम मागायला येतात.

अजून एक. गाडी बर्फात गाडली गेली असेल तर सगळ्यात आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, मगच इंजिन चालू करा. धूर आत शिरून गाडीत बसल्या जागी माणसं जातात. गाडीवरचा बर्फ शॉवेलनं काढू नका, फोमचा ब्रश येतो.


सुभेदार_निवृत्त, चाळीसगाव | 12 नोव्हेंबर, रात्री 10:05

जय हिंद. अमेरिका पाहिली नाही, पण बर्फ आपल्याच देशात पोटभर पाहिला. मी पहिल्यांदा द्रासला गेलो तेव्हा आमच्या तुकडीत आम्ही दोघं खानदेशी, दोघांनीही बर्फ म्हणजे बर्फगोळा एवढंच पाहिलेलं.

लडाखचा बर्फ साखरेसारखा. लाडू वळत नाही. पण वारा त्याला दाबतो आणि त्याची लादी होते. तिथे नुसतं ढकलून चालत नाही, बेलच्याच्या कडेनं विटेसारखे चौकोन कापायचे आणि एकेक वीट उचलायची. आम्हाला रोज सकाळी पहिलं काम बंकरची तोंडं मोकळी करायचं. काश्मीर खोऱ्यात उलट. 21 डिसेंबरला चिल्ला-ए-कलां लागतो, 40 दिवसांचा, आणि तिथला बर्फ पुष्कळदा ओला, जड. लोकांची घरं उताराच्या पत्र्याची. छतावरचा बर्फ काढायला तिथले लोक लाकडी फळीचं हत्यार वापरतात, पत्रा फाटू नये म्हणून. आप्पा, छतावर चढायचा विचार स्वप्नातही करू नका. लांब दांड्याचा दाताळ्यासारखा छत-रेक येतो असं ऐकलं आहे, जमिनीवर उभं राहून ओढायचा.

हिमस्खलनात माणूस शोधायचं फावडं वेगळं असतं. धातूच्या पात्याचं, दांडा आत सरकणारा. घसरून आलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट होतो, प्लास्टिकचं पातं त्यात मोडून हातात दांडा राहतो. तुम्हाला त्याची गरज नाही, पण धागा फावड्यांचा आहे म्हणून लिहिलं.


धुळ्याचा_डॉक्टर | 13 नोव्हेंबर, सकाळी 7:40

फावड्यावर एवढी चर्चा झाली, आता फावड्याच्या या टोकाला असलेल्या माणसाबद्दल.

अमेरिकेत 1990 ते 2006 या 17 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. बर्फ उपसताना दुखापत होऊन तातडीच्या विभागात जाणारे वर्षाला सरासरी 11,500. त्या 17 वर्षांत हृदयाच्या कारणानं गेलेले 1,647. कारण सरळ आहे. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. त्यात पायापेक्षा हाताचं काम, एकदम सुरू केलेलं. जड खेप उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. आणि हे सगळं पहाटे, जेव्हा हृदयविकाराचे झटके तसेही जास्त येतात.

आप्पा, खरं सांगा. बीपी आहे का? साखर? तंबाखू? जाण्याआधी तपासणी करून घ्या, आणि तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मी बर्फ उपसू का?" संकोच करू नका. गेलात तर आधी घरात दहा मिनिटं हातपाय हलवा, ढकला जास्त, उचला कमी, 10-15 मिनिटांनी आत येऊन बसा. भरल्या पोटी नाही, चिमूट लावून तर नाहीच. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, थंडीतही दरदरून घाम, यातलं काहीही झालं तर फावडं जागेवर टाकून द्या आणि घरच्यांना 911 ला (तिकडचा तातडीच्या मदतीचा नंबर) फोन करायला सांगा. "एवढी कड संपवून येतो" म्हणू नका.


बोरीकाठचे_आप्पा, अमळनेर | 13 नोव्हेंबर, रात्री 9:00

डॉक्टर, बीपीची गोळी चालू आहे, सहा वर्षं. तंबाखू सोडली आहे. (सौ. शेजारी बसून वाचते आहे, त्यामुळे लिहितो, गेल्या पोळ्यापासून सोडली आहे.) पुढच्या आठवड्यात जळगावला जाऊन पट्ट्यावर चालायची तपासणी करतो.

सूनबाईचा आत्ता फोन येऊन गेला. तिला कुणीतरी या धाग्याचा दुवा पाठवला. म्हणाली, "पप्पा, आपण अर्धं-अर्धं करू, आणि ओला बर्फ असेल तर ह्यांना उठवू."


अंजनीपुत्र_एरंडोल | 14 नोव्हेंबर, सकाळी 11:20

ओला बर्फ पात्याला चिकटतो म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती फावड्याला चिकटते तेव्हा दर चार घावांनी काडीनं खरवडावी लागते. तिथे काही लावतात का?


यावलकर_मिनेसोटा | 14 नोव्हेंबर, सकाळी 7:30 (इकडची)

लावतात. सिलिकॉनचा स्प्रे, मेणबत्तीचं मेण, काही नसेल तर स्वयंपाकाचं तेल. पात्याच्या दोन्ही बाजूंना पातळ हात फिरवायचा. फरशीवर सांडू द्यायचं नाही, नाहीतर बर्फापेक्षा तेलावरून घसराल.


गिरणाकाठचा_पोऱ्या, भडगाव | 14 नोव्हेंबर, रात्री 8:10

अमळनेरकरांनी तेल विकत घ्यायचं म्हणजे कमाल. विप्रो 1945 साली अमळनेरात सुरू झाली ती वनस्पती तुपासाठी आणि तेलासाठी. आप्पा, एक डबा घेऊन जा, फावड्याला चोपडा आणि पोराच्या आयटी कंपनीला सांगा की तुमच्या धंद्याचं मूळ आमच्या गावात आहे.


बोरीकाठचे_आप्पा, मिनियापोलिस | 13 डिसेंबर, सकाळी 10:45

पोचलो. तपासणी ठीक निघाली, डॉक्टरांनी "ढकला, उचलू नका" असं कागदावर लिहून दिलं आहे, तो कागद सौ.नं फ्रिजवर चिकटवला.

काल रात्री चार इंच पडला. सकाळी उणे 14. लाडू वळला नाही. मेकॅनिकलसाहेब, मूठ दाबून बघताना नातू म्हणाला, आजोबा काय शोधताय?

24 इंची पुशर. पहिल्या पाच मिनिटांत पातं बर्फानं माखलं. कोरडा बर्फ आणि चिकटतो कसा? तेल लावलं, तरी थोडा चिकटला. शेजारचा म्हातारा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असेल, हे सगळं पाहत होता. तो आला, माझा पुशर बर्फात उभा रोवला, पाच मिनिटं थांब अशी खूण केली आणि आपल्या कामाला गेला. नंतर एक कण चिकटला नाही. हे काय गौडबंगाल?

पाऊण तासात झालं, मध्ये दोनदा आत जाऊन चहा. ड्राइव्हवे साफ, पुढची पायवाट साफ. त्या म्हाताऱ्याच्या दारापुढचीही दहा पावलं काढून टाकली. आणि मी आत येऊन बूट काढतो तोच नगरपालिकेची रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी गेली आणि ड्राइव्हवेच्या तोंडावर गुडघाभर बांध घालून गेली! असा राग आला म्हणता. वावरात पाणी सोडून यावं आणि कुणी चारी बुजवावी, तसं.


यावलकर_मिनेसोटा | 13 डिसेंबर, दुपारी 12:30

स्वागत आहे आप्पा, आता तुम्ही इथले झालात.

पुशर गॅरेजमध्ये ठेवला होता ना? गॅरेज ऊबदार. गरम पात्यावर बर्फाचा पहिला थर वितळतो आणि लगेच गोठतो, मग त्यावर पुढचा चिकटत जातो. पातं आधी बाहेरच्या थंडीला येऊ द्यायचं. म्हाताऱ्यानं तेच केलं. फावडं बाहेर ओसरीवर ठेवत जा.

बांधाबद्दल: तो दाबलेला, रस्त्यावरच्या मिठाचा, आणि तासाभरात दगड होतो. तिथे पुशर घालू नका, पातं वाकेल. लहान शॉवेल, वरून थोडा थोडा. गोठला असेल तर बर्फ फोडायची सरळ पात्याची पहारीसारखी पट्टी मिळते, आधी ती. आणि अनुभवाची गोष्ट, ड्राइव्हवेचं तोंड गाडी येऊन गेल्यावरच काढायचं. पायवाटेची घाई नाही, मिनियापोलिस शहरात घरमालकाला बर्फ थांबल्यापासून 24 तास असतात.


अंजनीपुत्र_एरंडोल | 13 डिसेंबर, रात्री 9:00

मीठ टाकून वितळवत का नाहीत सगळा?


शिरपूरचा_मेकॅनिकल | 13 डिसेंबर, रात्री 10:15

कुल्फीवाला बर्फात मीठ का टाकतो तेच इथे. मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पण साधं मीठ उणे 9 च्या खाली फारसं कामाचं राहत नाही. कॅल्शियम क्लोराइड उणे 29 पर्यंत ओढतं, महाग पडतं. आणि आप्पांकडे उणे 14 आहे. आधी फावडं, मग उरलेल्या पातळ थराला मीठ, आणि पारा फारच खाली असेल तर वाळू. वाळू वितळवत नाही, पण पाय धरते. नवीन काँक्रीटवर मीठ टाकू नका, पापुद्रे सुटतात.


तापीकाठची_माय, रावेर | 14 डिसेंबर, सकाळी 6:55

आमच्याकडे आज पारा दहाच्या खाली, केळीच्या बागेत शेकोट्या पेटवल्या रात्री. आप्पांचं उणे 14 वाचून निमूट पांघरूण आवरलं. रात्री भरीत आहे. या सगळे.


बोरीकाठचे_आप्पा, मिनियापोलिस | 22 मार्च, रात्री 8:30

धागा वर काढतो.

आज तो पडला. तीन इंचच, पण पारा शून्यावर. मूठ दाबली आणि असा लाडू वळला की सौ. म्हणाली, वाटीत घालून ठेवा. पुशर घेऊन चार पावलं गेलो आणि थांबलो. भिंतीला धडकल्यासारखं. मग 18 इंची शॉवेल, पातं निम्मं, पोटाजवळ, पाय फिरवून. भुसावळकर, तुमच्या वडिलांचा आवाज मी न ऐकताही ऐकू येत होता. मी एक पट्टा, पोरानं एक पट्टा, सूनबाईनं बांध. तीन इंचांना सव्वा तास. डिसेंबरच्या चार इंचांना पाऊण तास लागला होता.

पोराला मूठ धरायला शिकवली. त्याची कमर जागेवर आहे. माझी थोडी बोलते आहे, पण कुरकुर एवढीच.

8 एप्रिलला परत. एक विचारायचं होतं. रब्बीचा मका तोवर खळ्यावर आलेला असेल. हा पुशर मका लोटायला कसा राहील?


भुसावळ_लोको | 22 मार्च, रात्री 9:10

फार भारी राहील. दाणा फुटणार नाही, कड फक्त खरबरीत फरशीवर झिजेल. धातूची पट्टी काढून टाका, नाहीतर ती खळ्याच्या फटीत अडकेल.


यावलकर_मिनेसोटा | 23 मार्च, सकाळी 7:00

हिवाळा संपताना दुकानं अर्ध्या किमतीला काढतात, नवीनच घ्या. पण दांड्यासकट विमानात नेणं अवघड. स्क्रू काढून फक्त पातं न्या, 24 इंच मोठ्या बॅगेत तिरकं बसतं. वजन 23 किलोच्या आत ठेवा. दांडा तिकडे सुताराकडून बाभळीचा बसवून घ्या.


बोरीकाठचे_आप्पा, मिनियापोलिस | 23 मार्च, सकाळी 7:20

बाभळीचा जड होईल. बांबूचा बसवतो.